मोडीचा ‘अ’ आणि सोळा घरांची पेटी

विठ्ठलवाडीचें स्थानक मागें पडलें म्हणजे कर्जतच्या रुळांवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें एकामागून एक लागतात. रोज सकाळसंध्याकाळ ह्या गाड्यांतून उभ्यानें प्रवास करणाऱ्या मंडळींस त्यांचा विचार करावयाची सवड नसते. परंतु ह्या तीन गांवांना तीन लिपींचा वारसा आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजा माम्वाणि ह्याच्या काळचा, भाषा संस्कृत आणि लिपि नागरी. बदलापूर व भोंवतालचीं खेडीं ह्यांतील एखाद्या जुन्या घरीं माळ्यावरची पेटी उघडली तर जमिनीचे, देण्याघेण्याचे, कज्जेदलालीचे कागद मोडींत निघावे ह्यांत नवल नाहीं. आणि ते वाचणारें माणूस घरांत उरलेलें नसावें ह्यांतहि नाहीं. उल्हासनगर वयानें ह्या सर्वांत धाकटें. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणची लष्करी छावणी, तींत १९४७ नंतर येऊन राहिलेले सिंधी निर्वासित, आणि १९४९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें बसलेली कोनशिला, हा त्या गांवाचा जन्मवृत्तांत. सिंधी व्यापाऱ्यांच्या घराण्यांत हिशेब लिहिण्याची जी लिपि पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तिला खुदावादी म्हणतात.

ह्या खुदावादीशीं आपला संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. ती मोडीसारखीच घाईची लिपि. काना-वेलांट्या गाळून लिहावयाची आणि ज्याची वही त्यालाच लागावयाची. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडे. १८६८ सालीं सरकारनें तेथील शिक्षणखात्याचे उपनिरीक्षक नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे ह्या लिपीस नियमांत बसविण्याचें काम सोंपविलें. कराचींतील एका जुन्या शाळेस त्यांचें नांव आजहि आहे. सिंध्यांच्या वहीला प्रमाण रूप देण्याच्या कामीं एका महाराष्ट्रीय गृहस्थाचा हात लागला होता, हें उल्हासनगरच्या बाजारांतून हिंडतांना कितीजणांस ठाऊक असतें?

आतां ह्या दोन जुन्या लिपींची कथा एका अगदीं नव्या ठिकाणीं येऊन मिळते. जगांतील प्रत्येक लिपींतील प्रत्येक चिन्हास कायमचा क्रमांक देणारी एक मोठी वही आहे, तिचें नांव युनिकोड. संगणकास ‘अ’ कळत नाहीं, ‘आ’ कळत नाहीं. त्याला आंकडे तेवढे कळतात. म्हणून देवनागरी ‘अ’ म्हणजे २,३०९ असें एकदां ठरलें कीं मुंबईचा संगणक आणि मॉस्कोचा संगणक दोघेहि त्या आंकड्यावरून तेंच अक्षर काढतात. २०१४ च्या जूनमध्यें ह्या वहीची सातवी आवृत्ति निघाली आणि तींत मोडी व खुदावादी ह्या दोन्ही लिपी एकदमच दाखल झाल्या. दोहोंचे प्रस्ताव अंशुमन पांडे ह्या एकाच अभ्यासकानें लिहिले होते. मोडी ‘अ’ ला क्रमांक मिळाला ७१,१६८ आणि खुदावादी ‘अ’ ला ७०,३२०. पंगतींत बोलावणें तर झालें; परंतु कांहीं घरीं ह्या पाहुण्यांना पुरेल एवढा पाटच नाहीं, असें आढळून आलें. तें कसें, हें सांगण्यासाठीं आजचा लेख.

प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य सगळींच कामें स्वतः करीत नाहीं. गृहिणी रोज मेतकूट दळीत बसत नाहीं. डबा भरलेला असतो, त्यांतून चमचाभर घेते. त्याप्रमाणें मजकूर मोजणें, दोन शब्दांची तुलना करणें, तारीख सांगणें, फाइल उघडणें असलीं हजारों बारीकसारीक कामें आधींच करून डब्यांत भरून ठेवलेलीं असतात. सी ह्या भाषेंतील अशा डब्यांच्या फडताळास लायब्ररी म्हणतात. ग्रंथालयाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. नांवानें फसूं नये. आणि ह्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाटेल तशा लावलेल्या नसतात. कोणत्या नांवाच्या डब्यांत काय असावें, किती मागितलें तर किती मिळावें, डबा रिकामा असल्यास काय उत्तर यावें, हें सारें छापील नियमांनीं बांधलेलें आहे. सी भाषेचें प्रमाण अमेरिकेंत १९८९ सालीं आणि आंतरराष्ट्रीय रूपांत १९९० सालीं ठरलें. युनिक्स नांवाच्या ज्या कार्यप्रणालींत ही भाषा वाढली, तिच्या चालीरीती १९८८ सालीं पॉझिक्स ह्या नांवानें प्रमाणबद्ध झाल्या. तें नांव रिचर्ड स्टॉलमन यांनीं सुचविलें. नियमाचा हेतु साधा होता: एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेला तर त्यानें तेंच उत्तर द्यावें.

परंतु घरोघरीं आणि कचेऱ्याकचेऱ्यांत जो संगणक दिसतो त्यावर बहुधा युनिक्स नसते, विंडोज असते. तिच्या चालीरीती निराळ्या. मग युनिक्सासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम तेथें चालावे कसे? ह्यासाठीं मध्यें एक दुभाष्या बसवितात. १९९५ सालीं सिग्नस नांवाच्या अमेरिकन कंपनींत स्टीव्ह चेंबरलेन यांनीं असा एक दुभाष्या तयार करण्यास आरंभ केला; त्याचें नांव सिग्विन. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून पडलें असें लोक सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, सिग्विनचें काम समजावयास ती उपयोगी आहे: स्वार तोच, वाट तीच, फक्त खालचा घोडा बदललेला, आणि चांगल्या मुक्कामाची ओळख अशी कीं स्वाराला बदल जाणवूं नये. बहुतेक वेळां जाणवतहि नाहीं. मोडी ‘अ’ च्या बाबतींत मात्र जाणवतो.

सी भाषेंत अक्षर ठेवावयाच्या दोन प्रकारच्या पेट्या आहेत. एक लहान, आठ घरांची. इंग्रजीचें एक अक्षर तींत मावतें. दुसरी रुंद पेटी, जगांतील इतर लिपींसाठीं. ही रुंद पेटी किती घरांची असावी हें नियमानें सांगितलेलें नाहीं. परंतु ती कशी असावी हें सांगितलेलें आहे. तुमची प्रणाली ज्या ज्या लिपी चालवितें म्हणून सांगते, त्यांपैकीं सर्वांत मोठ्या अक्षरसंचांतील प्रत्येक अक्षर तींत निराळ्या आंकड्यानें मावलें पाहिजे. एक पेटी, एक अक्षर. लिनक्स प्रणालींत ही पेटी बत्तीस घरांची आहे. तींत युनिकोडच्या वहींतील सगळीं ११,१४,११२ स्थानें आरामांत मावतात. सिग्विनमध्यें ती सोळा घरांची आहे. प्रत्येक घरांत शून्य किंवा एक, म्हणजे सोळा घरांत ६५,५३६ निरनिराळे आंकडे. त्यापलीकडे एकहि नाहीं. देवनागरी ‘अ’, २,३०९, तींत सहज बसतो. मोडी ‘अ’, ७१,१६८, बसत नाहीं. नाकापेक्षां मोतीं जड!

मग सिग्विन काय करते? ती मोडी ‘अ’ चे दोन तुकडे करून दोन पेट्यांत ठेवते: पहिल्या पेटींत ५५,३०१ आणि दुसरींत ५६,८३२. हे दोन आंकडे म्हणजे कोणत्याहि लिपींतलीं अक्षरें नव्हेत. एका जोडगोळीचे ते दोन अर्ध आहेत. एकत्र आले तर मोडी ‘अ’, वेगळे झाले तर कांहींच नाहीं. फाइलींतून पुढचें अक्षर काढून देणारा जो डबा आहे (त्याचें इंग्रजी नांव उच्चारतांना जीभ अडखळते, म्हणून येथें देत नाहीं), त्यानें नियमाप्रमाणें एका खेपेस एक पुरतें अक्षर द्यावयाचें. सिग्विनच्या लायब्ररींत तो पहिल्या खेपेस पूर्वार्ध देतो, अक्षराचे शेवटचे अंश अजून वाचावयाचे राहिले असें लक्षांत ठेवतो, आणि दुसऱ्या खेपेस उत्तरार्ध देतो. ज्यानें प्रोग्रॅम लिहिला त्याला ह्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. नियमावर विश्वास ठेवून त्यानें लिहिलेलें असतें.

आतां एखाद्या घराण्याच्या मोडी कागदांची सूचि करण्याचें काम मनांत आणा. दोनतीनशें कागद, प्रत्येकावर घेणाराचें नांव, देणाराचें नांव, गांव आणि मिति. नांवें मूळ मोडी अक्षरांतच टांकावयाचीं, म्हणजे पुढेंमागें वाचनाबद्दल वाद झाल्यास मूळ रूप समोर असावें. युनिक्सच्या चालीचीं साधीं अवजारें ह्या कामीं उत्तम असतात. परंतु सिग्विनवर तुम्हीं विचारलें, ह्या नांवांत अक्षरें किती, तर उत्तर दुप्पट येण्याचा संभव. विचारलें, हें चिन्ह अक्षर आहे कीं विरामचिन्ह, तर लायब्ररीला एका वेळीं अर्धाच तुकडा दाखविला जातो आणि ती सांगते, हें अक्षरहि नाहीं आणि अंकहि नाहीं. त्या उत्तरावर विसंबून शब्द निवडणारा प्रोग्रॅम साऱ्या सूचींत एकहि मोडी शब्द नाहीं असा निर्वाळा देतो! कोठें रकान्यांत वीसच अक्षरांची जागा ठेवलेली असली आणि विसावी पेटी नेमकी एखाद्या अक्षराचा पूर्वार्ध निघाली, तर नांव तेथेंच तुटतें. त्या तुटक्या अर्धांतून पुढें जें निघेल तें कोणत्याच लिपींतील अक्षर नव्हे. खरेदीखतांतलें नांव अर्धवट तुटलें म्हणजे काय होतें, हें ज्यांच्या घरीं जमिनीचा दावा चालला आहे त्यांना सांगावयास नको.

येथें एखादा चोखंदळ वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. तो म्हणेल, देवनागरींत तरी एक अक्षर म्हणजे एक आंकडा कोठें आहे? ‘क्षि’ हें डोळ्याला एकच अक्षर. युनिकोडच्या वहींत मात्र क, हलन्ताचें चिन्ह, ष आणि वेलांटी असे चार आंकडे. मग मोडी ‘अ’ चे दोन झाले म्हणून एवढा गहजब कशाला? भेद असा आहे. ‘क्षि’ चे चार भाग वेगळे केले तरी क हा क च असतो, ष हा ष च असतो. प्रत्येकाला स्वतःचें नांव आहे, स्वतःचा उच्चार किंवा कार्य आहे, आणि लायब्ररीला एकेकटा दाखविला तर त्याविषयीं ती खरें उत्तर देऊं शकते. हे भाग पाणिनीलाहि ओळखतां आले असते. ५५,३०१ ला मात्र कोणताहि वैयाकरण ओळखणार नाहीं. तो भाषेचा भाग नव्हे, पेटीच्या अपुरेपणाचा भाग आहे. आणि दुसरें असें कीं ‘क्षि’ चे चार सर्व यंत्रांवर चारच होतात. मोडी ‘अ’ चा लिनक्सवर एक आणि सिग्विनवर दोन, हा जो दुजाभाव, तोच दूर करण्यासाठीं प्रमाणाचा सगळा खटाटोप होता.

सोळा घरांची ही पेटी आली कोठून, ह्याचा इतिहास पाहिला म्हणजे राग थोडा निवळतो. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली तेव्हां तिच्या कर्त्यांनीं जगाला असा शब्द दिला होता कीं सोळा घरें पुरतील. त्या शब्दावर भरंवसा ठेवून मायक्रोसॉफ्टनें १९९३ सालची विंडोज एन्‌टी सोळा घरांवर बांधली. त्या वेळीं हें पाऊल मोठें धाडसाचें आणि पुढारलेलें होतें. इतर बहुतेकांची धांव अजून आठ घरांतच होती. तीनच वर्षांनीं, १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत, युनिकोडनें वही वाढविली. ६५,५३६ पैकीं २,०४८ स्थानें वेगळीं काढून त्यांना जोडगोळीचीं अर्धें म्हणून नेमलें. एक हजार चोवीस पूर्वार्ध आणि तितकेच उत्तरार्ध, म्हणजे त्यांच्या जोड्यांनीं दहा लाखांवर नवीं स्थानें झालीं. ज्यांनीं आधींच घर बांधलें होतें त्यांनीं ही युक्ति पत्करली. ज्यांनीं मागाहून बांधलें त्यांनीं प्रारंभापासूनच बत्तीस घरें घेतलीं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, तो हा असा.

ह्याच सुमाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९२ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक जेवावयास बसले होते. तेथें ताटाखालच्या कागदावर त्यांनीं अक्षरें साठविण्याची एक निराळीच रीत मांडली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. तींत इंग्रजी अक्षरास आठ घरांचा एक खण, देवनागरीस तीन खण, मोडीस चार खण असें लागेल तेवढेंच लागतें, आणि कोणत्या खणापासून अक्षर सुरू झालें हें त्या खणावरूनच ओळखतां येतें. आज आंतरजालावरील बहुतेक मजकूर ह्याच रीतीनें वाहतो. सिग्विननें ती २००९ च्या अखेरीस निघालेल्या १.७ ह्या आवृत्तीपासून आपली केली.

आणि कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर दोष तेथेंच उत्पन्न झाला. नियमाचे शब्द पुन्हां वाचा: ज्या लिपी चालवितें म्हणून सांगते, त्या सर्वांची अक्षरें पेटींत मावलीं पाहिजेत. सिग्विन म्हणाली असती कीं माझ्याकडे पहिलीं ६५,५३६ च अक्षरें चालतात, तर तिची पेटी नियमांत चोख बसली असती; मोडी तिनें पत्करलीच नसती. परंतु तिनें यूटीएफ-८ पत्करलें, म्हणजे मोडी व खुदावादीसकट सगळ्या जगाला आमंत्रण दिलें, आणि पाट मात्र जुनेच ठेवले. उपाशी ठेवण्यापेक्षां दोन पाटांवर बसविणें बरें, असा तिचा विचार असावा. व्यवहारांत तो मला पटतो. नियमाच्या पुस्तकांत मात्र तो बसत नाहीं, आणि ज्या गोष्टी नियमांत बसत नाहींत त्यांची नोंद दोष म्हणूनच झाली पाहिजे.

उल्हासनगरच्या बाजाराविषयीं एक जुना विनोद आहे. तेथील वस्तूंवर ‘मेड इन यू. एस. ए.’ असा छाप असावयाचा, आणि गिऱ्हाइकानें विचारलें तर यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन असें उत्तर मिळावयाचें. विनोदांत थट्टा आहे, तसेंच कौतुकहि आहे. कारण ज्यांनीं बराकींतून संसार पुन्हां उभे केले त्यांच्या हुन्नराबद्दल कोणास शंका नव्हती. छापाचा प्रश्न संगणकाच्या जगांतहि असाच आहे. ‘युनिक्स’ हें नांव आज ओपन ग्रूप ह्या संस्थेच्या मालकीचें व्यापारचिन्ह आहे. त्या संस्थेच्या चाचण्या उतरल्याखेरीज तें लावतां येत नाहीं. ॲपलच्या मॅक प्रणालीनें २००७ सालीं त्या चाचण्या उतरून तो छाप मिळविला. सिग्विननें असा छाप कधीं लावलेला नाहीं. ती स्वतःची ओळख करून देतांना पॉझिक्सच्या सोयी ‘बऱ्याच अंशीं’ पुरविते असेंच म्हणते. हें विशेषण मला फार आवडतें. सगळ्या विक्रेत्यांनीं आपल्या मालावर तें छापण्याचें ठरविलें तर गिऱ्हाइकांचे किती खेटे वांचतील!

मग पेटी मोठी कां करीत नाहींत, असें गृहिणी सहज विचारील. डबा लहान पडला तर आपण मोठा आणतोंच. बदलापूरच्या पुढें वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळला आपल्या गाडीचे रूळ साडेपांच फूट रुंद, आणि शेजारीं माथेरानला जाणारे रूळ दोन फुटांचे. १९०७ पासून ते तसेच आहेत. उद्यां ते रुंद करावयाचे म्हटलें तर केवळ लोखंड बदलून भागत नाहीं. प्रत्येक वळण, प्रत्येक डबा, प्रत्येक पूल त्या दोन फुटांच्या हिशेबानें केलेला आहे. सिग्विनची पेटी तशी. खालची विंडोज स्वतः सोळा घरांच्या पेट्या घेते आणि देते. वर चालणारे सगळे प्रोग्रॅम तेवढीच पेटी गृहीत धरून तयार झालेले आहेत. पेटी बदलली तर ते सारे एका दिवसांत निकामी. म्हणून तेथें कोणी हात घालीत नाहीं, आणि घालूंहि नये.

उपाय निघाला तो शेजारून. २०११ च्या सी भाषेच्या प्रमाणांत बत्तीस घरांची एक नवी पेटी निराळ्या नांवानें दाखल करण्यांत आली आणि तींत अक्षर भरून देणारा नवा डबाहि. जुनी पेटी जशीच्या तशी. ज्याला पुरतें अक्षर हवें त्यानें नवी वापरावी. सिग्विनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा नवा डबा आला आहे, आणि ग्नू प्रकल्पाचीं जीं साधीं अवजारें मजकूर मोजण्याकापण्यास वापरतात, त्यांचे कर्ते एकेक अवजार जुन्या पेटीवरून नव्या पेटीवर नेत आहेत. ह्या कामांत ब्रूनो हायबल ह्या जर्मन प्रोग्रॅमकाराचा मोठा वांटा आहे. कोणत्या यंत्राच्या लायब्ररींत कोणता डबा नियमाला सोडून वागतो, ह्याची त्यांच्या प्रकल्पानें ठेवलेली नोंदवही वाचली म्हणजे एखाद्या कडक हेडमास्तरच्या हजेरीपुस्तकाची आठवण होते. विंडोजची आणि सिग्विनची ही सोळा घरांची पेटी तींत पानोपानीं भेटते. ह्या धडपडीला खरी गति दिली ती मात्र मोडीनेंहि नव्हे आणि खुदावादीनेंहि नव्हे. २०१० पासून युनिकोडमध्यें आलेल्या त्या हंसऱ्या-रडव्या चित्रांचे क्रमांकहि ६५,५३६ च्या पलीकडे आहेत, आणि तीं चित्रें जेव्हां मोजतां येईनात तेव्हां साऱ्या जगास अडचण दिसूं लागली. आमच्या पूर्वजांच्या दप्तरांचें काम पिवळ्या तोंडाच्या बाहुल्यांनीं पुढें ढकललें, हा कालमहिमा होय!

दुसऱ्या एका उपायाबद्दल मात्र मला तितकेंसें समाधान वाटत नाहीं. सी ची धाकटी बहीण सी प्लस प्लस. तिच्या २०२३ च्या प्रमाणांत रुंद पेटीविषयींची जुनी अट सैल करण्यांत आली, कारण विंडोजवरचें चालू आचरण अटीविरुद्ध होतें आणि तें बदलणारें नव्हतें. वस्तुस्थितीला धरून नियम असावा हें खरें. अंबरनाथच्या कारखान्यांतून ज्यांनीं काम केलें आहे त्यांना गो-नोगो गेज ठाऊक असतें: एका बाजूनें भोकांत शिरलें पाहिजे, दुसऱ्या बाजूनें शिरतां कामा नये. माल गेजांत उतरत नाहीं म्हणून गेजच घासलें, तर माल पास होतो. परंतु तो पुढें ज्या यंत्रांत बसावयाचा तें यंत्र घासलेलें नसतें. प्रमाण ठरविणाऱ्यांनीं हा विचार केला नसेल असें नाहीं, आणि त्यांची बाजूहि मी समजूं शकतों. तथापि ज्या प्रोग्रॅमकारानें जुन्या अटीवर विसंबून दहा वर्षांपूर्वीं लिहिलें, त्याच्या मोजणींत मोडी ‘अ’ चे अजूनहि दोनच होणार.

ज्या वाचकांच्या घरीं मोडी कागद आहेत आणि कोणी मुलगा अगर मुलगी तीं संगणकावर उतरूं पाहत आहे, त्यांच्यासाठीं दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली अशी कीं मजकूर फाइलींत यूटीएफ-८ रीतीनें साठविला असेल तर तो सुरक्षित आहे. घोटाळा मोजणाऱ्या-कापणाऱ्या अवजारांत आहे, फाइलींत नाहीं. म्हणून फाइल जपा आणि अवजार पारखा. पारख सोपी आहे. एका फाइलींत एकच मोडी ‘अ’ लिहा, शेवटीं नवी ओळ पाडूं नका, कारण तीहि एक म्हणून मोजली जाते. आणि अवजाराला अक्षरें किती तें विचारा. एक म्हणालें तर त्याला काम द्या. दोन म्हणालें तर तें सोळा घरांचें आहे, आणि चार म्हणालें तर तें अक्षरें मोजीतच नसून खण मोजीत आहे. दुसरी गोष्ट, रकान्यांना अक्षरसंख्येची मर्यादा घालूं नका. घालावीच लागली तर तुटलेलें शेवटचें अक्षर तपासण्याची व्यवस्था ठेवा. तिसरी, प्रत्येक नोंदींत मोडी रूपाशेजारीं बाळबोध रूपहि लिहा. देवनागरीचीं सर्व नित्याचीं अक्षरें २,३०४ ते २,४३१ ह्या क्रमांकांत आहेत आणि जुन्यांत जुन्या पेटींतहि मावतात. शोध घेतांना त्यांचाच आधार घ्यावा. मोडी वाचावयास शिकण्याची सोय राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांतून होते, आणि अक्षरें पडद्यावर दिसण्यासाठीं नोटो नांवाचा मोडी टंक विनामूल्य मिळतो. त्याच मालिकेंत खुदावादीचाहि आहे.

उल्हासनगरच्या वाचकांस एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. सिंधी भाषा देवनागरींत लिहितांना ज, ग, ड, ब ह्या अक्षरांखालीं आडवी रेघ देऊन जे चार विशेष उच्चार दाखवितात, त्या ॻ, ॼ, ॾ, ॿ ह्या अक्षरांना २००६ सालीं युनिकोडमध्यें स्वतंत्र क्रमांक मिळाले. ते २,४२७ ते २,४३१ च्या दरम्यान, म्हणजे आपल्या देवनागरीच्याच ओळींत शेवटीं आहेत. देवनागरी सिंधींत लिहिलेल्या नांवांना वरील कोणतीच अडचण येत नाहीं. आजोबांची खुदावादी वही उतरवावयाची असेल तर मात्र मोडीसाठीं सांगितलेली पारख तेथेंहि करावी. फाइलींत लिहावयाचें अक्षर तेवढें ७०,३२० क्रमांकाचें.